रत्नागिरी-नागपूर रोड आमच्या विहिरीवरनं गेला, त्याची सगळी हकीकत

मागच्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन आला. तिच्या सासरी मोहोळ तालुक्यात नवीन रोडची मोजणी येणार अशी चर्चा चालूय आणि तिचा एकच प्रश्न, ताई तुमची जमीन गेली तेव्हा तुम्ही काय काय केलं ते सगळं सांग. तासभर बोलले तरी निम्मंच झालं. म्हणून म्हणलं बसून लिहूनच काढावं, तिलाही होईल आणि अजून कुणाला लागलं तर त्यांनाही.

आमचं गाव माचणूर आणि मंगळवेढ्याच्या मधे. सोलापुरातनं मंगळवेढ्याची एसटी धरली की देगाव, मग तिऱ्ह्याला सीना, मग कामती, मग बेगमपूर, आणि तिथला भीमेचा पूल ओलांडला की आमचा तालुका लागतो. माचणूरला सिद्धेश्वराचं देऊळ आणि किल्ला आहे, औरंगजेबाची छावणी इथं भीमेकाठी काही वर्षं होती, शाळेची सहल दरवर्षी तिथंच. सोलापूर ते मंगळवेढा साधारण ५५ किलोमीटर, पण लहानपणी हा रोड इतका अरुंद होता की समोरनं उसाची ट्रॉली आली की एसटी साइडपट्टीवर उतरायची आणि पावसाळ्यात त्या काळ्या मातीत चाक रुतलं की आम्ही सगळे खाली. त्याला आम्ही मंगळवेढा रोडच म्हणायचो. नंतर पेपरात राष्ट्रीय महामार्ग १६६ असं यायला लागलं, रत्नागिरीपासून कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा करत सोलापूरपर्यंत, आणि तुळजापूरपासून नागपूरकडं ३६१ नंबरचा, म्हणून गावात सगळे रत्नागिरी-नागपूर म्हणतात.

रोड नको असं आमच्यात कुणीच म्हणलं नव्हतं, हे आधी सांगते. आजीला एका रात्री सोलापूरला न्यायचं होतं आणि जीप पोचायला दोन तास लागले, ते घरात अजून कुणी विसरलेलं नाही.

२०१६ ची दिवाळी नुकतीच झाली होती. मी सोलापुरात जुळे सोलापूरला राहते, शाळेत शिकवते, भाऊ पुण्यात नोकरीला, शेती माझे वडील, म्हणजे आण्णा, आणि काका, म्हणजे तात्या, मिळून करतात. तात्यांचा फोन आला, पेपरात आपला गट नंबर आलाय. ती थ्री ए ची अधिसूचना होती. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा, त्यात थ्री ए म्हणजे सरकार सांगतं की आम्हाला ही ही जमीन घ्यायचा इरादा आहे, राजपत्रात येते आणि दोन पेपरात, त्यातला एक मराठी. बारीक अक्षरात गटांची यादी असते, जमिनीचा प्रकार आणि क्षेत्र हेक्टरमधे. आमच्या गटापुढं 'जिरायत' लिहिलं होतं आणि क्षेत्र होतं, बाकी काही नाही. आण्णांनी तो कागद तीनदा वाचला आणि म्हणले, अगं आपली तर विहीर आहे, ऊस आहे, हे जिरायत कसं काय?

तिथनं सगळं चालू झालं.

आता आमची अडचण अशी होती की आमच्या शेताजवळ जुना रोड एक मोठं वळण घेत होता, आणि चौपदरी करताना ते वळण काढून रोड सरळ करणार होते. नुसतं रुंदीकरण असतं तर बांधाकडची कडेची पट्टी गेली असती. वळण काढल्यामुळं नवीन रोड शेताच्या मधून जाणार, विहीर बरोबर त्यात, आणि पलीकडं जुन्या रोडला लागून आमचा एक तुकडा सुटा राहणार. म्हणून आपला गट यादीत दिसला की पहिलं काम म्हणजे नुसतं क्षेत्र बघायचं नाही, रोडची मध्यरेषा नक्की कुठनं जातीय ते नकाशावर बघायचं. ऑफिसात आराखडा असतो, मागितला की दाखवतात, आम्हाला दोन हेलपाट्यात बघायला मिळाला.

हरकत घ्यायला अधिसूचनेपासून २१ दिवस. आणि आमच्या त्या २१ दिवसांत नोटबंदी लागली. गावातले निम्मे लोक बँकेच्या लायनीत, स्टॅम्प पेपर घ्यायला सुट्टे पैसे नाहीत, वकील म्हणतो फी जुन्या नोटात चालणार नाही. तरी पंधरा-वीस जणांनी हरकती दिल्या, पण जवळपास सगळ्यांनी लिहिलं की भाव चांगला द्या. या टप्प्यावर भावाचं काही होत नाही, इथं फक्त जमीन रोडसाठी घेण्याबद्दलची हरकत चालते, भाव पुढं निवाड्याच्या, म्हणजे मोबदला ठरवण्याच्या आदेशाच्या वेळी. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. आमच्या हरकतीत मी वळणाचं लिहिलं होतं, की मध्यरेषा थोडी उत्तरेला सरकवली तर विहीर वाचते. सुनावणी झाली, ऐकून घेतलं, फेटाळली. वेगाच्या हिशोबानं वळण तेवढं सरळ लागतंच असं कारण दिलं. मला वाईट वाटलं पण एक फायदा झाला जो नंतर कळला, त्या हरकतीत विहीर, पाईपलाईन, मोटार असं सगळं लेखी आलं होतं आणि त्यावर आवक शिक्क्याची पोच होती.

संयुक्त मोजणी जानेवारीत आली. हुरड्याचे दिवस. आमच्या भागाला ज्वारीचं कोठार म्हणतात, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मधेच जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं होतं, आणि वळणाकडच्या अंगाला ज्वारी अशी उभी होती की तात्यांना त्यातनं मोजणीची साखळी फिरवू द्यायची इच्छा होत नव्हती. मी शाळेतनं दोन दिवसाची रजा टाकून गेले होते. सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की या दिवशी घरातलं लिहिता-वाचता येणारं माणूस रानात पाहिजेच पाहिजे. मोजणीवाले, तलाठी, रोडच्या बाजूचा माणूस असे येतात, खुंट ठोकतात, आणि एका कागदावर या गटात काय काय आहे ते लिहून घेतात. विहीर, बोअर, पाईपलाईन, झाडं, घर, गोठा, बांधबंदिस्ती. जे त्या कागदावर आलं त्याचेच पैसे. जे आलं नाही ते नव्हतंच, असं पुढं सगळीकडं धरलं जातं.

आमच्याकडं ते आले दुपारी साडेतीनला, सकाळपासून वाट बघून तात्या नेमके जेवायला घरी गेलेले. आण्णा आणि मी होतो. वीस मिनिटांत झालं. आण्णा मागं मागं फिरत सांगत होते, सायेब ही पायपलाईन भीमेपस्नं आलीय, अडीच फूट खाली हाय, दिसत न्हाई वरनं, लिहा की तेवढी. ते म्हणले लिहितो लिहितो. कडुलिंबाची तीन मोठी झाडं मोजली, खोडाला दोरी लावून घेर घेतला. सही कुठं करायची ते दाखवलं. आण्णा पेन काढून सही करणार एवढ्यात मी म्हणलं आधी वाचू द्या. त्यात झाडं होती, विहीर होती पण 'जुनी विहीर' एवढंच, किती खोल, बांधीव का कच्ची काही नाही, पाईपलाईन नाही, मोटार नाही. मी म्हणलं हे भरा मग सही करतो. ते म्हणले अंधार होईल मॅडम, अजून सहा गट राहिलेत, तुम्ही नंतर अर्ज द्या. थोडी बोलाचाली झाली. शेवटी आण्णांनी सही केली, पण सहीच्या वर मी त्यांच्याच अक्षरात लिहायला लावलं, पाईपलाईन व विहिरीचे वर्णन नोंदलेले नाही. हे एक वाक्य पुढं फार कामाला आलं.

त्याच संध्याकाळी मोबाईलवर विहिरीचे फोटो काढले, दोर सोडून खोली मोजली, आतलं दगडी बांधकाम, वरचा थारोळ्याचा भाग, सगळं. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून दोन प्रती घेऊन गेले आणि एकीवर पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका, आणि पोचेच्या सगळ्या प्रती एका फाइलीत ठेवा. आमची निळी फाइल अजून कपाटात आहे, आई तिला 'रोडचं दप्तर' म्हणते.

मधे बरेच महिने काहीच झालं नाही. थ्री ए पासून एक वर्षाच्या आत थ्री डी ची घोषणा करावी लागते, नाहीतर ती अधिसूचना रद्द होते, म्हणून गावात काही जण म्हणायचे की बघा आता वर्ष संपतंय, सुटलो. आम्ही सुटलो नाही. थ्री डी आली आणि त्या तारखेपासून जमीन कायद्यानं केंद्र सरकारची झाली, ताबा आमच्याकडंच होता पण मालकी गेली. आण्णांना हे समजावताना मला फार जड गेलं, कारण रान तर तसंच होतं, पाणी तसंच चालू होतं, आणि मी त्यांना सांगत होते की हे आता आपलं नाही.

मग मूल्यांकनाची यादी बघायला मिळाली, आणि त्यात विहीर नव्हती. जुनी विहीर एवढं जे लिहिलं होतं तेही कुठंतरी उतरवताना गळालं होतं. जमीन जिरायत. तात्या दोन दिवस जेवले नाहीत नीट.

इथनं जवळपास पाच महिने मी कागद गोळा केले. सातबाऱ्याचे मागच्या वर्षांचे उतारे काढले, पीकपाहणीत ऊस आहे का बघायला, नशिबानं चार वर्षं ऊस लागलेला होता. बऱ्याच जणांच्या सातबाऱ्यावर पीकपाहणी नुसती ज्वारी म्हणून वर्षानुवर्षं तीच उतरवलेली असते, त्यांचं इथंच अडलं. कृषिपंपाची वीजबिलं, सोसायटीतनं पाईपलाईनसाठी घेतलेल्या कर्जाची नोंद जी सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा म्हणून होती. आण्णा आयुष्यभर त्या बोज्याला लाजायचे, कधी एकदा उतरतोय असं व्हायचं त्यांना, आणि शेवटी त्याच नोंदीनं सिद्ध झालं की पाईपलाईन खरोखर आहे. त्याच्याबरोबर हरकतीची पोच, आणि मोजणीच्या कागदावरचं ते आण्णांच्या अक्षरातलं वाक्य. फेरपंचनामा झाला. यावेळी तात्यांनी खोरं घेऊन दोन ठिकाणी पाईपलाईन उकरून उघडी करून ठेवली होती, कुणी दिसत नाही म्हणू नये म्हणून. विहीर लागली, पाईपलाईन लागली, त्या गटाचा तेवढा भाग बागायत धरला गेला.

भावाचं सांगते, कारण बहिणीनं तेच जास्त विचारलं. १ जानेवारी २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनींनाही २०१३ च्या भूसंपादन कायद्याचा हिशोब लागतो. बाजारभाव काढताना मागच्या तीन वर्षांतली गावातली आणि आसपासची खरेदीखतं बघतात, त्यातली जास्त किमतीची निम्मी घेऊन सरासरी, आणि रेडी रेकनरचा दर, यातलं जे जास्त ते. आणि आमच्याकडं घात इथंच झाला. गावात वर्षानुवर्षं खरेदी करताना कागदावर कमी रक्कम दाखवायची पद्धत, स्टॅम्प ड्युटी वाचते म्हणून. एकरी जेवढ्याला व्यवहार झाला त्याच्या निम्मी पण कागदावर नाही. आता तेच कागद पुढं आले. ज्यांनी दहा वीस हजार वाचवले त्यांच्यासकट अख्ख्या गावाचा भाव खाली आला. त्यावर ग्रामीण भागाचा गुणांक, म्हणजे बाजारभावाला जितक्यानं गुणतात तो आकडा, जो तेव्हा दोन होता (ऑक्टोबर २०२१ मधे राज्यानं राष्ट्रीय महामार्गांसाठी तो एकवर आणला, त्यामुळं आमचा हिशोब नंतरच्यांना तसाच लावू नका), आणि मग तेवढीच शंभर टक्के दिलासा रक्कम. शेतजमिनीच्या मोबदल्यातनं टीडीएस कापत नाहीत. निवाडा पटला नाही तर लवादाकडं जाता येतं, आमच्याकडं लवाद म्हणजे जिल्हाधिकारी, पैसे उचलले तरी निषेध नोंदवून उचलायचे. आम्ही गेलो होतो, थोडं वाढलं.

शक्तीपीठसारखा रोड राज्याच्या १९५५ च्या महामार्ग कायद्याखाली येतो, तिथली कलमं वेगळी, त्यामुळं बहिणीला मी पहिलं हेच म्हणलं की अधिसूचना कुठल्या कायद्याखाली आलीय ते आधी बघ.

आणि मग आत्या. हे लिहावं की नाही असा विचार केला, पण मला वाटतं पैशापेक्षा घरं इथंच जास्त मोडतात. आजोबा गेल्यावर वारस नोंदीत आण्णा, तात्या आणि दोन्ही आत्यांची नावं लागली होती, ती तशीच होती. मोबदला म्हणल्यावर सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाची सही पाहिजे. धाकटी आत्या सांगोल्याला, थोरली इंडीला, विजापूर जिल्ह्यात. गावात सगळ्यांचं ठरलेलं, बहिणींना बोलवायचं, साडीचोळी करायची, संमतीपत्रावर सह्या घ्यायच्या. तात्यांनी तसं करायचं ठरवलं पण. थोरल्या आत्याला आणायला मी गेले. येताना एसटीत ती खिडकीतनं बाहेर बघत म्हणली, अगं त्या विहिरीचा दगड मी डोक्यावर वाहिलाय, दहा वर्षाची होते मी. एवढंच म्हणली, मागितलं काहीच नाही.

घरी आल्यावर रात्री मी आण्णांना म्हणलं, थोरल्या आत्यानं विहिरीचे दगड वाहिलेत तुम्हाला माहितीय का. ते म्हणले माहितीय. मग बराच वेळ गप्प होते. मी म्हणलं कायद्यानं दोन्ही आत्यांचा प्रत्येकी चौथा हिस्सा आहे, आणि मी पण या घरची लेक आहे. तात्या चिडले, चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काकूनं समजावलं त्यांना, मला वाटतं, कारण नंतर त्यांनीच फोन करून सांगितलं की विहिरीच्या आणि पाईपलाईनच्या पैशातनं चार वाटे करायचे. जमिनीचे नाही झाले. मला ते अर्धंच वाटतं अजूनही, आणि मी हे घरात बोलूनही दाखवलंय. पण दोन्ही आत्या दिवाळीला येतात, आणि गावात अशी घरं आहेत जिथं रोडच्या पैशावरनं बहिणीचं माहेर बंद झालं, कोर्टात रक्कम अडकली ती वेगळीच.

ताब्याची नोटीस ६० दिवसांची असते. आण्णांनी शेवटचा ऊस काढून घेतला. लिंब तोडले त्या दिवशी ते रानात गेले नाहीत, विहीर बुजवली त्या दिवशी मात्र गेले. टिप्परनी मुरूम टाकत होते, आण्णा कडेला उभे, आणि पाणी वर वर येत होतं, गढूळ झालेलं. एक तरुण ऑपरेटर होता, त्यानं मशीन बंद करून विचारलं, बाबा काही राहिलंय का आत? आण्णांनी मान हलवली. आईनं नारळ दिला होता बरोबर, तो त्यांनी सोडला आणि निघून आले.

आता रोड झालाय, चांगला झालाय. सोलापूर तासाच्या आत येतं. पण एसटीचा फाटा होता तिथलं वडाचं झाड आणि त्याखालचं चहाचं हॉटेल गेलं, त्या माणसाची जागा गावठाणातली नव्हती, नावावर काही नव्हतं, त्याला काही मिळालं नाही. त्याच्यासाठी कुणी अर्ज केला नाही, मीही नाही, तेव्हा आमच्याच फाइलीत अडकले होते. आता तो पुढं मंगळवेढ्याच्या बाजूला गाडा लावतो. शेतात जायचं तर पलीकडच्या तुकड्याला वळसा घालून जावं लागतं, बैलगाडी घेऊन हायवे ओलांडायला आण्णा घाबरतात, आणि घाबरायलाच पाहिजे अशा वेगानं गाड्या असतात.

एक काम लोक विसरतात ते म्हणजे कमी-जास्त पत्रक. पैसे मिळाले म्हणजे संपलं असं नसतं, गेलेलं क्षेत्र वजा होऊन उरलेल्याचा नवीन नकाशा आणि सातबारा व्हावा लागतो, नाहीतर पुढं कर्ज नाही, वाटणी नाही, विक्री नाही. आमचं ते व्हायला पैसे मिळाल्यानंतर तीन वर्षांवर गेलं, अर्ज करत राहिलो म्हणून झालं. आता एका गटाचे दोन तुकडे झालेत, मधे रोड.

आमच्यात रानाला नावं असतात, आंब्याचं, बांधाकडचं तसं. जुन्या वळणाला लागून राहिलेल्या अकरा गुंठ्याच्या तुकड्याला आता सगळे 'वळणाचं' म्हणतात, वळण राहिलं नाही तरी. तिथं पाणी नाही, मालदांडीच पेरतात. बहिणीला म्हणलंय जानेवारीत हुरड्याला ये, निळी फाइल दाखवते, आणि येताना तुझे सातबाऱ्याचे उतारे घेऊन ये, पीकपाहणी आत्ताच बघून घेऊ.